व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप: सुरुवात रिस्टोरपासून करा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतल्या किंवा अलकापुरीतल्या एखाद्या कंपनीच्या आयटी विभागात तुम्ही नुकतेच लागला असाल, तर पहिल्या आठवड्यातच कुणीतरी सांगेल, "बॅकअप रोज रात्री होतो, सकाळी मेल येतो, तेवढा बघत जा." मेल जरूर बघा. पण त्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा: सर्व्हररूममधलं सगळं आज रात्री गेलं, तर उद्या सकाळी कोणतं व्हर्च्युअल मशीन (खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे होस्टवर, सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा सर्व्हर) आधी उभं करायचं, कशावर, कुठल्या कॉपीवरून आणि किती वेळात? बहुतेक ठिकाणी बॅकअपचं सॉफ्टवेअर आधी येतं आणि हा प्रश्न संकटाच्या दिवशी पहिल्यांदा विचारला जातो. तुम्ही उलट करा. रिस्टोर, म्हणजे कॉपीवरून मशीन परत उभं करणं, आधी ठरवा, मग त्याला पुरेल असा बॅकअप बसवा.

बडोद्यात याची गरज कुणाला पटवून द्यावी लागू नये. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. नदीकाठच्या वस्त्यांत आणि बाजारांत ते काही दिवस राहिलं. ज्याचा सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपचा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) त्याच रॅकच्या खालच्या फळीवर, त्याच्या दोन्ही कॉपी एकाच पाण्यात जातात.

पायरी १: मशीनांची यादी आणि दोन प्रश्न

हायपरव्हायजरच्या (हायपर-व्ही, व्हीएमवेअर, प्रॉक्समॉक्स यांसारखं, होस्टवर व्हर्च्युअल मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनवर दिसणारं प्रत्येक मशीन कागदावर उतरवा. नाव, कशासाठी आहे, कोण वापरतं, डिस्क किती, ते कोणत्या दुसऱ्या मशीनवर अवलंबून आहे. 'टेस्ट-२', 'न्यू-सर्व्हर-ओल्ड' अशा नावांची मशीनं सापडतीलच. ती कुणाची हे विचारल्याशिवाय यादीतून काढू नका. कित्येकदा हजेरीचं मशीन किंवा लायसन्स सर्व्हर अशाच नावाखाली बसलेला असतो.

मग खुर्ची सोडून त्या त्या विभागात जा. यातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, आणि तो आयटीच्या खोलीत बसून होत नाही. विचारायचे प्रश्न दोनच. पहिला: "दुपारी चारला सर्व्हर बंद पडला आणि काल रात्रीपर्यंतचाच डेटा परत मिळाला, तर आजची कामं पुन्हा टाकता येतील का?" दुसरा: "किती तास सर्व्हरशिवाय काम चालेल?" पहिल्याचं उत्तर म्हणजे आरपीओ (किती तासांचा डेटा गेला तर चालेल), दुसऱ्याचं म्हणजे आरटीओ (किती तासांत परत उभं राहायला हवं). अकाउंट्सच्या काकांना ही नावं सांगायची गरज नाही, त्यांच्याकडून फक्त तासांचे आकडे घ्या.

उत्तरं अनपेक्षित येतात. आयटीवाल्यांना वाटतं मेल सर्वांत महत्त्वाचा. डिस्पॅचवाला सांगतो की ₹५०,००० च्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय गेटबाहेर काढता येत नाही, म्हणजे बिलिंगचं मशीन बंद असेल तर भरलेला ट्रक उभा राहतो. ड्रॉइंग विभाग म्हणतो, एक दिवस थांबू, पण गेल्या महिन्याचं ड्रॉइंग हरवलं तर डाय पुन्हा बनवावी लागेल. म्हणजे बिलिंगला लवकर उभं राहणं हवं आणि ड्रॉइंगला काही न हरवणं. दोघांना एकच वेळापत्रक लावलं तर एकाची अडचण होणारच.

हे आकडे शेठना किंवा मॅनेजरना दाखवून त्यावर सही घ्या. "शून्य तास, शून्य नुकसान" असं सगळेच आधी म्हणतात. त्याचा खर्च समोर ठेवला की आकडे खरे होतात.

पायरी २: स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका

व्हर्च्युअल मशीन म्हणजे शेवटी होस्टवरच्या काही फाइली: एक-दोन मोठ्या डिस्क फाइली आणि एक सेटिंगची छोटी फाइल. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क फाइल तशीच गोठते आणि त्यापुढचे बदल वेगळ्या फाइलीत लिहिले जातात. हायपर-व्हीत यालाच चेकपॉइंट म्हणतात. अपडेट टाकण्यापूर्वी घ्या, अपडेट नीट झालं की काढून टाका, एवढ्यासाठी तो उत्तम. पण मूळ डिस्क गेली तर स्नॅपशॉटची फाइल एकटी निरुपयोगी आहे, कारण तिच्यात फक्त फरक आहे. शिवाय ती वाढत जाते, मशीन मंद होतं, आणि एक दिवस डेटास्टोर (मशीनांच्या फाइली ठेवायची होस्टवरची जागा) भरून त्यावरची सगळी मशीनं थांबतात. व्हीएमवेअरची स्वतःची शिफारस आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये. तुमच्या होस्टवर वर्षभरापूर्वीचे स्नॅपशॉट आहेत का, हे आजच बघा. सापडले तर घाईने उडवू नका. आधी पूर्ण बॅकअप घ्या, डेटास्टोरवर मोकळी जागा आहे याची खात्री करा आणि कामाची वेळ संपल्यावर काढा, कारण ते मूळ डिस्कमध्ये मिसळायला काही तास लागू शकतात.

पायरी ३: आतलं सॉफ्टवेअर शांत असताना कॉपी घ्या

चालू मशीनची कॉपी बाहेरूनच घेतली तर ती अचानक वीज गेलेल्या मशीनसारखी असते. बहुतेक वेळा चालू होते, पण डेटाबेस अर्धवट लिहिलेला असू शकतो. म्हणून आतल्या सिस्टिमला क्षणभर थांबायला सांगावं लागतं. विंडोजमध्ये हे काम व्हीएसएस नावाची तिची आतली सेवा करते. त्यासाठी व्हीएमवेअरवर व्हीएमवेअर टूल्स, प्रॉक्समॉक्सवर क्यूईएमयू गेस्ट एजंट मशीनच्या आत चालू असायला हवं. प्रॉक्समॉक्समध्ये दोन्हीकडे लागतं: आत एजंट बसवायचा आणि मशीनच्या ऑप्शन्समध्ये तो चालूही करायचा. यातलं दुसरं हमखास राहून जातं.

एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) असेल तर आणखी दोन गोष्टी. डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलवर (प्रत्येक बदलाची नोंद लॉगमध्ये जपणारी पद्धत) असेल आणि लॉगचा बॅकअप कुणी घेत नसेल, तर लॉग फाइल वाढतच राहते. आणि ईआरपीचा (कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) व्हेंडर आतून वेगळा डिफरन्शियल बॅकअप, म्हणजे शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदलच, घेत असेल, तर तुमचा व्हीएम बॅकअप कॉपी-ओन्ली पद्धतीने लावा. नाहीतर त्याच्या डिफरन्शियलचा आधार तुमच्या बॅकअपकडे सरकतो, आणि रिस्टोरच्या दिवशी त्याला स्वतःच्या फाइलींतून डेटाबेस जोडता येत नाही. व्हेंडरला फोन करून हे ठरवा आणि काय ठरलं ते लिहून ठेवा.

टॅलीचा डेटा तिच्या स्वतःच्या फाइलींत असतो. रात्री सगळे बाहेर पडल्यावर तिचा आतला बॅकअप आधी घ्या आणि मग व्हीएमचा. महिनाअखेरीस अकाउंट्स उशिरापर्यंत बसतात, तेव्हा वेळ त्यांना विचारून लावा.

पायरी ४: साधन

इथे फार अडकू नका. प्रॉक्समॉक्स असेल तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वेगळ्या मशीनवर बसवा. बदललेले तुकडेच पाठवतो, सारखे तुकडे एकदाच साठवतो आणि साठवलेलं पडताळून बघायची सोय त्यात आहे. हायपर-व्ही किंवा व्हीएमवेअर असेल तर व्हीम (Veeam) या बॅकअप सॉफ्टवेअरची कम्युनिटी एडिशन १० मशीनांपर्यंत मोफत आहे, शिकायलाही चांगली. एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या: ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या हायपरव्हायजरच्या मोफत आवृत्तीत बॅकअप सॉफ्टवेअरला लागणारा दरवाजाच बंद असतो. मोफत होस्टवर कंपनीचं बिलिंग चालत असेल तर लायसन्सचा किंवा दुसऱ्या हायपरव्हायजरचा विषय वर न्या.

बॅकअपचा जॉब बनवताना मशीनं एकेक निवडू नका. "सगळी घे, ही सोडून" असा जॉब करा, म्हणजे पुढच्या महिन्यात कुणी नवं मशीन बनवलं तरी ते आपोआप आत येईल. आणि प्रत्येक मशीनच्या प्रत्येक डिस्कवर बॅकअपची खूण आहे का ते तपासा. प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कच्या सेटिंगमधली बॅकअपची खूण काढलेली असेल, किंवा व्हीएमवेअरमध्ये डिस्क इंडिपेंडंट केलेली असेल, तर ती डिस्क वगळली जाते आणि जॉब तरीही हिरवा दिसू शकतो. सी ड्राइव्ह परत येतो, डेटा असलेला डी ड्राइव्ह येत नाही.

पायरी ५: वेळेचं गणित

१ गिगाबिटच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात. २ टीबीची पूर्ण कॉपी म्हणजे सुमारे ५ तास. तिसरी पाळी चालणाऱ्या कारखान्यात ही पूर्ण कॉपी रविवारी आणि इतर दिवशी फक्त बदल, असं सोपं पडतं. ज्या मशीनचा आरपीओ दोन तासांचा ठरला आहे, त्याचे बदल दिवसाही दर दोन तासांनी घ्या. बाकीच्यांना रात्र पुरते.

हेच गणित क्लाउडसाठी करा, आणि दोन्ही दिशांनी. ५० एमबीपीएसच्या लाइनवर २ टीबी जायला सुमारे ८९ तास लागतात, आणि त्याच वेगाने परत यायलाही तेवढेच. डिस्पॅचने आठ तासांत बिलिंग हवं म्हणून सही केली असेल, तर क्लाउडमधली कॉपी त्यांच्यासाठी पहिला आधार होऊ शकत नाही. ती शेवटचा आधार आहे. जवळची कॉपी वेगासाठी, दूरची कॉपी पुरासाठी.

किती दिवसांच्या कॉपी ठेवायच्या? दोन आठवड्यांच्या रोजच्या, दोन महिन्यांच्या साप्ताहिक आणि वर्षभराच्या मासिक, ही सुरुवातीला बरी चौकट आहे. हिशेबांचं वेगळं. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबवह्या ८ आर्थिक वर्षं सांभाळाव्या लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मधल्या नियमबदलानुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज असायला हवा. तुमच्या सीएंना विचारून घ्या. ऑडिटमध्ये ते हा प्रश्न तुम्हालाच विचारणार आहेत.

पायरी ६: दूरची कॉपी खरोखर दूर ठेवा

३-२-१ हा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. बडोद्यात "दुसरी जागा" म्हणून कारखान्याची कॉपी ऑफिसात आणि ऑफिसची कारखान्यात ठेवतात. आगीसाठी हे पुरेसं आहे. पुरासाठी नाही, कारण दोन्ही जागा एकाच पावसाखाली आणि एकाच विजेच्या जाळ्यावर आहेत. कंपनीची शाखा अहमदाबादेत किंवा सुरतेत असेल तर तिथे एक छोटा बॅकअप सर्व्हर ठेवा, नाहीतर मुंबई किंवा पुण्याच्या डेटा सेंटरमधली क्लाउडची जागा घ्या. बजेट अजिबातच नसेल, तर दोन यूएसबी डिस्क आळीपाळीने, त्यातली एक नेहमी शहराबाहेर आणि एन्क्रिप्ट केलेली.

बॅकअपचा नॅस तळमजल्यावर असेल तर पावसाळ्याआधी तो वरच्या मजल्यावर न्या. एक लांब नेटवर्क केबल आणि वेगळा यूपीएस, एवढ्यात काम होतं.

पायरी ७: हल्लेखोराच्या हाती लागणार नाही अशी कॉपी

रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) चालवणारे आधी बॅकअप शोधतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या हल्ल्यात जगभरातल्या ईएसएक्सआय होस्टवरच्या व्हर्च्युअल डिस्क फाइलीच थेट एन्क्रिप्ट झाल्या; त्या त्रुटीचा पॅच दोन वर्षं आधीच आलेला होता. विंडोजच्या आत कितीही चांगला अँटिव्हायरस असला तरी होस्टच गेल्यावर त्याचा उपयोग नसतो.

म्हणून बॅकअप सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये (सगळ्यांच्या लॉगिनची एकत्र व्यवस्था) जोडू नका. त्याचा पासवर्ड वेगळा, दोन टप्प्यांची ओळख चालू, आणि नॅसचं शेअर्ड फोल्डर कुणाच्याही कॉम्प्युटरवर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं नको. निदान एक कॉपी अशी हवी की ठरलेल्या दिवसांपर्यंत ती अ‍ॅडमिनलाही पुसता येणार नाही. क्लाउडमध्ये त्याला ऑब्जेक्ट लॉक म्हणतात, व्हीममध्ये हार्डन्ड रिपॉझिटरी. प्रॉक्समॉक्सवर होस्टला फक्त नवीन बॅकअप टाकायचा अधिकार द्या, जुने पुसायचा देऊ नका. जुने पुसण्याचं काम बॅकअप सर्व्हरने स्वतः करावं.

बॅकअप एन्क्रिप्ट करत असाल तर किल्ली कागदावर छापून कंपनीच्या तिजोरीत ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये ही किल्ली क्यूआर कोडसह छापायची सोय मुद्दाम दिलेली आहे. किल्ली फक्त त्याच सर्व्हरवर असेल आणि सर्व्हर गेला, तर बॅकअप सुरक्षित असूनही तो कधीच उघडणार नाही.

पायरी ८: रिस्टोर करून बघा

आता कागदाकडे या. सरावासाठी आधी एक बंद नेटवर्क बनवा: होस्टवर असा व्हर्च्युअल स्विच किंवा ब्रिज, ज्याला बाहेरची एकही केबल जोडलेली नाही. रिस्टोर केलेलं मशीन मूळ मशीनचंच नाव आणि आयपी घेऊन उठतं. ते खऱ्या नेटवर्कवर उठलं तर दोन बिलिंग सर्व्हर एकाच पत्त्यावर भांडतील, आणि कदाचित जुनं मशीन ग्राहकांना जुने मेल पुन्हा पाठवेल.

रिस्टोर करताना कुठे लिहिलं जाणार आहे, ते दोनदा वाचा. प्रॉक्समॉक्समध्ये मशीनच्याच पानावरून रिस्टोर दाबलं तर चालू मशीनवर जुनी कॉपी बसते. सरावासाठी बॅकअपच्या जागेवरून नवीन क्रमांक देऊन रिस्टोर करा आणि 'युनिक' ही खूण लावा, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डची ओळख) नवीन मिळतो. हायपर-व्हीमध्ये इम्पोर्ट करताना नवीन ओळखीसह कॉपी करण्याचा पर्याय घ्या. व्हीएमवेअरने "हलवलं की कॉपी केलं?" असं विचारलं तर सरावात उत्तर "कॉपी केलं".

पहिल्या सरावाला सर्वांत लहान, कमी महत्त्वाचं मशीन घ्या. सुरू करायची वेळ लिहा. लॉगिनची स्क्रीन दिसली म्हणजे रिस्टोर झाला, असं मानू नका. आत जा, सॉफ्टवेअर उघडा, शेवटचं बिल कोणत्या क्रमांकाचं आणि किती वाजताचं आहे ते बघा, एखादा रिपोर्ट काढा. शक्य असेल तर अकाउंट्समधल्या कुणाला तरी शेजारी बसवा. ताळेबंदात काय खटकतं ते त्यांना एका नजरेत कळतं. मग संपल्याची वेळ लिहा. हा तुमचा खरा आरटीओ. सही केलेल्या आकड्यापेक्षा तो मोठा निघाला, तर वेगवान डिस्क किंवा १० गिगाबिटचं कार्ड मागण्यासाठी याहून चांगला पुरावा नाही.

एक मशीन जमलं की संपूर्ण साखळी क्रमाने उभी करा. आधी डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारं मशीन) आणि डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा), कारण बाकीचे त्यांच्याशिवाय लॉगिनच होत नाहीत. मग डेटाबेस, त्यानंतर त्यावरचं बिलिंग किंवा ईआरपी, मग फाइल सर्व्हर, शेवटी बाकीचं. घड्याळाकडे लक्ष ठेवा: विंडोज डोमेनमध्ये दोन मशीनांच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला तर लॉगिन नाकारलं जातं, आणि बंद नेटवर्कमध्ये वेळ जुळवणारं कुणी नसतं. डोमेन कंट्रोलर दोन असून एकच पडला असेल, तर त्याचा बॅकअप न आणता नवीन मशीन बनवून त्याला डोमेन कंट्रोलर करणं जास्त स्वच्छ. आणि १८० दिवसांपेक्षा जुना डोमेन कंट्रोलरचा बॅकअप साधारणपणे वापरताच येत नाही, म्हणून त्याची जुनी मासिक कॉपी हिशेबात धरू नका.

खरा रिस्टोर करायची वेळ आली, तर बिघडलेलं मशीन पुसू नका. नेटवर्कमधून तोडा, नाव बदलून बाजूला ठेवा, आणि कॉपी दुसऱ्या जागी उठवा. घाईत निवडलेली कॉपीही बिघडलेली निघाली, तर मूळ डिस्कमधूनच काहीतरी काढता येतं. रॅन्समवेअर असेल तर तो कधी आत आला हे आधी शोधा, त्याआधीची कॉपी घ्या, बंद नेटवर्कमध्ये तपासा, सगळे पासवर्ड बदला, मगच बाहेर जोडा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. कळवण्याचा पत्ता आणि कंपनीतर्फे कोण कळवणार, हे त्याच कागदावर आधीच असू द्या.

रोजचं काम

सकाळच्या मेलमध्ये "सक्सेस" या शब्दापलीकडे तीन गोष्टी बघा: किती मशीनं होती, किती डेटा गेला, किती वेळ लागला. रोज ४० जीबी बदल जाणाऱ्या मशीनमधून एक दिवस २ जीबी गेले तर आत काहीतरी बंद पडलं आहे. एकदम ६०० जीबी गेले तर कुणीतरी मोठी कॉपी केली असेल, किंवा फाइली एन्क्रिप्ट होत असतील. तेव्हा चहा नंतर, आधी फाइल सर्व्हर उघडून बघा. मेल आलाच नाही, तर ती बिघाडाचीच खबर समजा.

महिन्यातून एकदा एका मशीनचा सराव, दर वेळी वेगळं मशीन. पूर्ण साखळीच्या सरावासाठी बडोद्यात दिवाळी ते लाभपंचमीचे दिवस सर्वांत सोयीचे: कारखाना बंद, होस्ट मोकळे, कुणाचं काम अडत नाही. हल्लेखोरही अशाच सुट्ट्या शोधतात, म्हणून त्या दिवसांत बॅकअपचा मेल कोण बघणार हे धनत्रयोदशीपूर्वी ठरवा.

रिस्टोरच्या कागदाच्या तीन छापील प्रती ठेवा: एक सर्व्हररूमबाहेर, एक तिजोरीत किल्लीसोबत, एक तुमच्या घरी. तिजोरीतल्या प्रतीत होस्टचे आणि बॅकअप सर्व्हरचे पासवर्ड बंद पाकिटात घाला, बाकीच्या दोन प्रतींत नको. नवीन मशीन बनलं, व्हेंडर बदलला किंवा सराव झाला की तीनही प्रती बदला आणि खाली तारीख टाका.